अप्पांचा झाकलेला पाय

त्या मंगळवारी सकाळी शिवलिंगअप्पांनी पायावरचं फडकं सोडलं. शुक्रवारी बार्शीच्या दवाखान्यात त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला. पुढच्या गुरुवारी अप्पा गेले.

मी परंड्यात त्यांच्या शेजारी राहतो. इथल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि तिच्यावरून एकोणीस वर्षं भाजीची वाटी, वर्तमानपत्र, छत्री असं काहीबाही इकडून तिकडं जात आलं. मी लग्न केलं नाही. आई होती तोवर आम्ही दोघं होतो, आता एकटा असतो. अप्पांविषयी लिहायचं हे त्यांच्या तिसऱ्या दिवशीच ठरवलं होतं. लिहायला बसलो तो सातव्या महिन्यात. मधल्या काळात मी टेबल आवरलं, पेनाची निब बदलली, कपाटातली पुस्तकं दोनदा नव्यानं लावली. दर वेळी आपण काय करतो आहोत हे कळत होतं. टाळाटाळ कशी ओळखायची हे शिकवणारा माणूस माझ्या शेजारीच राहत होता.

अप्पा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. तिथं डॉक्टर तपासतात, सुई टोचतात आणि कागदावर सही करतात. जखम धुणं, पू काढणं, अळ्या वेचणं, व्यालेल्या म्हशीची अडकलेली वार कोपरापर्यंत हात घालून सोडवणं, ही कामं ड्रेसरची. अप्पांनी ती तेहतीस वर्षं केली. अंगात पांढरी बंडी, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात कापडात बांधलेलं लिंग. जखमेवर वाकायच्या आधी ते लिंग फिरवून पाठीकडं टाकायचे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "त्यानं काय पाप केलंय हा वास घ्यायला?"

काम संपलं की आधी राखेनं, मग साबणानं हात धुवायचे आणि मग एकेक बोट नाकाशी नेऊन हुंगायचे. दहाही बोटं. एखाद्या बोटाला वास राहिला असेल तर पुन्हा राख. हे मी भिंतीवरून शेकडो वेळा पाहिलं आहे.

गावानं मात्र त्यांच्या हाताचा वास कधी जाऊ दिला नाही. पंगतीत अप्पा बसले की शेजारचा माणूस पाट थोडा सरकवून घ्यायचा. बाजारपेठेतल्या एका व्यापाऱ्याची गाभण गाय अप्पांनी दोन दिवस खपून वाचवली. त्या माणसानं त्यांना दुकानात बोलावून चहा पाजला, आणि अप्पा उठल्यावर तो कप पोऱ्याकडून बाहेर उकिरड्यावर टाकायला लावला. मी तिथंच कागदाचे दस्ते घेत उभा होतो. कुजलेल्या जखमेपेक्षा घाण असं मी परंड्यात काही पाहिलं असेल तर तो व्यापाऱ्याचा चेहरा. कप टाकताना तो हसत होता. मी काही बोललो नाही. दस्ते घेतले, पैसे दिले आणि घरी आलो. अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले की कप चांगला होता, टाकायचाच होता तर मला द्यायचा होता.

दवाखान्यात जनावर बांधायला लोखंडी खोडा होता. त्यात शिरायला जनावरं अडायची. पुढून दोघं दोर ओढायचे, मागून एक जण शेपूट पिळायचा, आणि बैल चारी पाय रोवून उभा. अप्पा येऊन आधी सगळ्यांना दूर करायचे. मग बैलाच्या खांद्याशी, त्याचंच तोंड जिकडं असेल तिकडं तोंड करून उभे राहायचे. बोलायचे नाहीत, हात लावायचे नाहीत. मी कॉलेजला जाताना हे बघत थांबायचो. एकदा असेच बराच वेळ उभे होते, मग चालत पुढं गेले आणि खोड्याच्या पलीकडं तारेला अडकून फडफडणारी सिमेंटची रिकामी पिशवी काढून घडी करून काखेत मारली. बैल आपल्या पायानं आत गेला.

नंतर मला म्हणाले, "जनावर अडलं म्हंजे ते तुमच्याशी भांडत न्हाय, सर. ते कशाला तरी भ्यालेलं असतंय. ते काय बघतंय ते आपुन बघायचं. मोहरं उभं राहून ओढलं तर त्याला फक्त तुमचं तोंड दिसतंय."

माणसांच्या बाबतीतही त्यांचं मत हेच होतं. परीक्षेला न बसणारा, दुकान न उघडणारा, कोर्टाची तारीख चुकवणारा असा कुणी गावात असला की लोक त्याला आळशी म्हणायचे. अप्पा विचारायचे, "पर त्याला दिसतंय काय?"

आमच्या कॉलेजात एकदा पुण्याहून एक वक्ते आले. कानाला माईक, अंगात कोट, उन्हाळ्यात. मनातल्या आळसाच्या राक्षसाला ठार मारा, असं त्यांनी तासभर सांगितलं आणि मुलांकडून मुठी वर करून तीनदा वदवून घेतलं. मुलं ओरडली, प्राध्यापक ओरडले, मीही ओठ हलवले, आणि त्या हलवलेल्या ओठांची मला दिवसभर शिसारी येत राहिली. अप्पा माझ्यासोबत शेवटच्या रांगेत बसले होते. कानाशी लागून म्हणाले, "मारायला हे, आन मेल्यावर वढून टाकायला पुन्हा मलाच बोलावतील."

त्यांच्या सगळ्याच गोष्टी मला पटत असत असं नाही. एका वस्तीवर म्हशीचं रेडकू मेलं आणि म्हैस दूध चोरायला लागली. कासेला हात लावू देईना. तेव्हा मालकानं आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं मेलेल्या रेडकाचं कातडं सोलून त्यात कडबा भरला, चार काटक्यांचे पाय केले आणि ते म्हशीपुढं उभं केलं. तरी म्हैस बधेना, म्हणून अप्पांना बोलावलं. रविवार होता, मीही सोबत गेलो. त्या कडब्याच्या रेडकाला डोळ्यांच्या जागी भोकं होती आणि सुतळीनं शिवलेल्या पोटातून कडबा बाहेर आला होता. त्यावर माशा होत्या. मी दोन पावलं मागं सरकलो. अप्पांनी मिठाचं पाणी मागवलं, ते त्या कातड्यावर शिंपडलं आणि म्हशीच्या खांद्याशी जाऊन उभे राहिले. म्हशीनं आधी मान वळवली. बऱ्याच वेळानं जीभ काढली आणि चाटायला लागली. मग चाटतच राहिली. मालकीण खाली बसली तेव्हा पान्हा सुटला होता.

परतताना मी म्हणालो की हे फसवणं आहे आणि ते मला किळसवाणं वाटतं.

अप्पा हसले. "फसवतंय कोण? तिचं नाक तुमच्या-माझ्यापेक्षा तेज. मेल्याचा वास तिला येत न्हाय व्हय?"

"मग दूध का सोडते?"

"चाटाय मिळालं म्हणून. दुःख आपल्या जागी ऱ्हातंय, सर. जिभेला काम लागलं की कास सुटती."

त्या दिवशी मला ते उत्तर पुरेसं वाटलं नव्हतं. पुढच्याच वर्षी आईला लकवा झाला.

आईची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सगळं अंथरुणातच. सकाळ-संध्याकाळ एक बाई येऊन तिचं करून जायची. मी औषध द्यायचो, भरवायचो, वाचून दाखवायचो, आणि बाई आली की मागच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचो. दोन महिन्यांनी ती बाई मुलीच्या बाळंतपणासाठी तामलवाडीला गेली. दीड महिना येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. वास आला. मी मोरीत जाऊन ओकलो. पुन्हा दारात आलो, पुन्हा ओकलो. मग दार ओढून घेतलं, कपडे बदलले आणि कॉलेजला गेलो. ग्रंथालयात बसून नव्या पुस्तकांवर क्रमांक टाकले. एक वाजता घरी आलो. आई पाच तास त्यातच पडून होती. मी दार उघडलं तेव्हा तिनं भिंतीकडं मान फिरवली आणि डोळे मिटून घेतले. ती झोपली नव्हती. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तिनं झोपेचं सोंग घेतलं होतं. मी आयुष्यात केलेल्या गोष्टींपैकी या गोष्टीविषयी मला स्वतःची सर्वांत जास्त घृणा वाटते, असं मी नंतर बरीच वर्षं म्हणत असे. आता तसं म्हणता येत नाही.

अप्पांच्या बायकोनं, काकूंनी, भिंतीवरून सगळं ओळखलं असावं. दहा मिनिटांत अप्पा आले. मला वाटलं ते आता बंडीच्या बाह्या सावरतील आणि करून टाकतील. त्यांच्यासाठी ते काहीच नव्हतं. त्यांनी केलं असतं तर मी सुटलो असतो. पण ते माझ्या शेजारी दारात येऊन उभे राहिले, आणि माझं तोंड होतं तिकडंच बघायला लागले.

"कशाची किळस येती?"

"घाणीची."

"संडास तुमचा तुमीच धुता. तवा येत न्हाय. नीट बघा."

मी पाहिलं. आईचं लुगडं वर सरकलं होतं, मांडी उघडी होती, कातडी ढिली पडून एका बाजूला लोंबत होती. माझे डोळे आपोआप जमिनीकडं वळले. अप्पांनी ते पाहिलं.

"आईला उघडं बघायची लाज वाटतीय तुमाला," ते हळू आवाजात म्हणाले. "ती लाज किळशीचं सोंग घेऊन आलीय. मग झाकून करा की. कुणी सांगितलंय बघून करायला?"

त्यांनी चादर मागितली आणि आईच्या अंगावर मानेपासून टाचेपर्यंत पसरली. मला म्हणाले की आज फक्त पाय धुवा. कोमट पाणी, फडकं, आणि दोन पाय. बाकीचं आज काकू करेल, उद्या बघू. मी आईचे पाय धुतले. अप्पा तांब्या धरून होते. ते आईशी बोलत होते, आता डावा पाय घेतोय हं आक्का, आता बोटं पुसतोय. मला म्हणाले, हात लावायच्या आधी सांगायचं, जनावरालासुद्धा सांगावं लागतंय. आणि किळस आली तर येऊ द्या, तिला हाकलत बसू नका. तिला म्हणा, ये, त्या कोपऱ्यात बस, मला काम हाय.

दुसऱ्या दिवशी चादरीखालून हातांनीच काकूंना मदत केली. तिसऱ्या दिवशी काकू दारात थांबल्या आणि मी एकट्यानं केलं. दोनदा उठून ओकून आलो. चौथ्या दिवशी आईनं अर्ध्या तोंडानं काहीतरी म्हटलं. मी कान जवळ नेला. पाणी लई गरम हाय, असं ती म्हणत होती. लकवा झाल्यापासून तिनं माझ्याशी केलेली ती पहिली तक्रार होती.

बाई परत आल्यावरही मी ते काम सोडलं नाही. आई पुढं पाच महिने होती. नातेवाईक भेटायला यायचे, नाकाला पदर लावून उंबऱ्यातच थांबायचे आणि मला श्रावणबाळ म्हणायचे. चहा घेऊन जायचे. किळस पाचही महिने रोज आली. कोपऱ्यात बसून राहिली.

आता एक प्रसंग सांगायचा आहे तो मला नीट सांगितला पाहिजे, कारण मी तो अर्धाच लक्षात ठेवला होता.

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी गावाबाहेरच्या मळ्यातून अप्पांना बोलावणं आलं. ते तेव्हा निवृत्त झाले होते, तरी लोक बोलवायचे. गाय अडली होती. वासराचे पुढचे दोन पाय बाहेर आले होते आणि मालकाचे दोघं मुलगे त्या पायांना दोर बांधून सारखे ओढत होते. गाय जमिनीवर डोकं आपटत होती. अप्पांनी दोघांच्या हातांवर चापट मारली आणि दोर आपल्या हातात घेतला. मग नुसते बसून राहिले. एक हात गाईच्या पोटावर. मालक म्हणाला, अप्पा, वेळ जातोय. अप्पा म्हणाले, मधीच ओढलं तर गाय फाटती. पाच मिनिटं गेली असतील. गाईच्या पोटावरून एक लाट गेल्यासारखं झालं आणि अप्पांनी "आता" म्हटलं. त्यांनी गाईच्या मांडीला टाच रोवली आणि सगळ्या अंगानिशी दोर ओढला. मुलग्यांना ओढायला लावलं, मला ओढायला लावलं. गाय हंबरली, मी दोर सोडायला लागलो तसे ते माझ्यावर खेकसले. इतक्या निर्दयपणानं त्यांना मी कधी काही करताना पाहिलं नव्हतं. वासरू बुळबुळीत पाण्यासकट माझ्या पायांवर येऊन पडलं.

हात धुताना, बोटं हुंगून झाल्यावर, ते मला म्हणाले, "कळ येस्तोवर थांबायचं. पर नुसतं थांबून वासरू भायेर येत न्हाय, सर."

मी पुस्तकातला माणूस आहे. मला थांबणं आवडलं. तेवढंच मी घेतलं.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला अप्पा कट्ट्यावर वेगळ्या प्रकारे बसायला लागले. पूर्वी दोन्ही पाय खाली सोडून बसायचे. आता उजवा पाय मुडपून मांडीखाली आणि वर शाल. त्यांना साखर होती हे मला माहीत होतं, गोळ्या कधी घ्यायचे, कधी विसरायचे. घरात दिवसभर उदबत्ती जळायला लागली. मग टर्पेंटाईनचा वास यायला लागला. जनावराच्या जखमेत अळ्या पडल्या की टर्पेंटाईनचा बोळा घालतात. आणि त्या दोन वासांच्या खालून तिसरा एक वास भिंतीवरून माझ्या स्वयंपाकघरात येऊ लागला. गोडसर, जड, पोटात उतरणारा. मी त्या बाजूची खिडकी लावून घेतली.

एका रविवारी संध्याकाळी काकू भिंतीशी आल्या. त्यांनी सांगितलं की नव्या चपलेनं पायाला लागलं होतं, महिना झाला. फडकं बांधून ठेवलंय, कुणाला दाखवत नाहीत. बार्शीला चला म्हटलं की वाताचं दुखणं आहे म्हणतात.

"म्या हात लावाय गेले की अंगावर येत्यात," काकू म्हणाल्या. "उभ्या जल्मात कधी आवाज चढवला न्हाय, आन आता... तुमचं ऐकतील, सर. तुमी बोला."

मी हो म्हणालो.

सोमवारी सकाळी मी जाऊन अप्पांच्या शेजारी कट्ट्यावर बसलो. त्यांच्या खांद्याशी, त्यांचं तोंड होतं तिकडं तोंड करून. पायाचं नाव काढलं नाही. समोरच्या रस्त्यानं कुर्डुवाडीची एसटी जायची, ती आम्ही दोघं बघायचो. मंगळवारी तसंच, बुधवारी तसंच. मला मनातून स्वतःचं कौतुक वाटत होतं. मी त्यांच्याच रीतीनं चाललो होतो. ओढत नव्हतो. ते काय बघताहेत ते बघत होतो. अप्पांच्याही ते लक्षात आलं असेल, त्यांना बरं वाटत असेल, असं मी धरून चाललो होतो.

शुक्रवारी शालीखालून एक अळी कट्ट्याखाली फरशीवर पडली. तांदळाच्या दाण्याएवढी, पांढरी. तिथं ती वळवळली. मी पाहिली. अप्पांनी पाहिली. मग अप्पांनी मान वळवून माझ्या तोंडाकडं पाहिलं. असं त्यांनी त्या पाच दिवसांत एकदाही पाहिलं नव्हतं.

मी रस्त्याकडं पाहिलं आणि म्हणालो, "आज कुर्डुवाडी गाडीला उशीर झाला."

ते म्हणाले, "व्हय." आणि डावा पाय पुढं सरकवून टाचेनं ती अळी रगडली.

घरी येऊन मी हात धुतले. मी कशालाही हात लावला नव्हता, तरी धुतले. दुपारी भात खाववला नाही. स्वतःला सांगितलं की आज ते अगदी काठावर आले होते, घाई करून चालणार नाही, उद्या आपणच उघडतील. शनिवार, रविवार, सोमवार मी जाऊन बसत राहिलो.

मंगळवारी सकाळी काकूंनी भिंतीवरून वर्तमानपत्र परत दिलं आणि विचारलं, "सर, तुमी रोज बसता त्यांच्यापाशी. तुमाला वास येत न्हाय व्हय?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच वाटत होतं की आपल्यालाच भास होतो आहे की काय.

मी पाणी तापवलं. बादली घेऊन गेलो आणि या वेळी शेजारी न बसता त्यांच्या समोर, खाली जमिनीवर बसलो. म्हणालो, "अप्पा, पाय."

"उद्या."

"आज," मी म्हणालो आणि शाल काढून फडक्याच्या गाठीला हात घातला. त्यांनी माझं मनगट धरलं. पकडीत अजून जोर होता. मी हात काढला नाही. मग त्यांनीच मनगट सोडलं आणि गाठ सोडायला लागले. फडक्याचा शेवटचा पदर मांसाला चिकटला होता, तो कोमट पाणी घालून सोडवावा लागला. दोन बोटं काळी पडली होती. त्यांच्या बेचक्यात हालचाल होती. तळव्याला जे भोक होतं त्यात पांढरं दिसत होतं ते हाड होतं. मी कट्ट्याच्या कडेला जाऊन ओकलो. मागून अप्पांचा आवाज आला, नेहमीसारखाच शांत. "आधी तोंड धुऊन या, सर. मग बघा."

त्याच दुपारी बार्शीला नेलं तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना मी त्यांचा मुलगा वाटलो. अप्पांना मूल नव्हतं. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या की आठ दिवस आधी आणलं असतं तर दोन बोटांवर भागलं असतं. त्यांचा आवाज रागाचा होता, आणि चेहऱ्यावर मला ओळखीचं काहीतरी होतं. त्यांना माझी किळस आली होती.

पाय कापल्यानंतरच्या रविवारी अप्पा नीट शुद्धीत होते. काकू खाली चहा आणायला गेल्या होत्या. मी खाटेजवळ बसलो होतो. त्यांनी छताकडं बघत विचारलं, "ती अळी तुमाला दिसली व्हती न्हवं?"

"दिसली होती."

"मग?"

मी म्हणालो की तुमचीच रीत होती, ओढायचं नाही.

त्यांनी मान माझ्याकडं वळवली. रागावलेले नव्हते. हात धुऊन आल्यावर एखादं बोट पुन्हा राखेला लावायचं की नाही हे ठरवताना त्यांचा चेहरा असायचा तसा होता.

"कळ आली व्हती, सर. म्या तुमच्याकडं बघितलं व्हतं."

सांगण्यासारखं होतं ते त्यांना आधीच माहीत होतं. मी थांबत होतो तो त्यांच्यासाठी नव्हे. मला तो पाय पाहायचा नव्हता. त्या वासाच्या मुळाशी काय आहे ते मला बघायचं नव्हतं, आणि त्यांची शिकवण हातात असल्यामुळं मला माझ्या किळशीला किळस म्हणावं लागलं नाही. मी तिला आदर म्हणालो, धीर म्हणालो. आईच्या दारात निदान मी ओकलो तरी होतो.

मग मी विचारलं की तुम्ही तरी का झाकून ठेवलं.

"आता तुमी ओळखा," ते म्हणाले, आणि मग स्वतःच म्हणाले, "लोकांनी जल्मभर हाताचा वास घेतला. पायाचा बी घ्यावा, हे काय मनाला येईना."

सोमवारपासून ताप चढला. विष अंगभर पसरलं होतं. त्यानंतर त्यांचं बोलणं समजलं नाही.

लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं त्यांना बसवून पुरलं. एक पाय अर्धा असल्यामुळं ते खड्ड्यात एका बाजूला कलत होते. विधी करणाऱ्या स्वामींनी दोनदा सरळ केलं, दोनदा कलले. मग मी खाली उतरलो आणि उजव्या गुडघ्याखाली खड्ड्यात टाकायला आणलेल्या मिठाची पिशवी सारून दाबून बसवली. माझं तोंड त्यांच्या खांद्याशी होतं. सगळ्या चेहऱ्याला विभूती फासली होती आणि डाव्या तळहातावर लिंग ठेवलं होतं. ते सरळ बसले तेव्हा मी वर आलो. कप टाकायला लावणारा तो व्यापारीही माती टाकायला आला होता. मूठभर टाकून त्यानं हात रुमालाला पुसले.

काकूंनाही साखर आहे. पहिल्या दोन रविवारी मी बघायला गेलो तर त्यांनी पाय दाखवले नाहीत. बाईमाणसाचे पाय बघता व्हय सर, म्हणाल्या, लुगडं घोट्याखाली ओढून घेतलं. तिसऱ्या रविवारी मी घरी गेलोच नाही, दाखवेपर्यंत त्यांच्या ओसरीवर बसून सारखं म्हणत राहिलो. त्यांनी मला बोल लावले, मग पाय पुढं केले. आता दर रविवारी सकाळी मी भिंत ओलांडून जातो. चष्मा लावतो, दोन्ही तळवे, टाचा आणि प्रत्येक बोटाची बेचकी पाहतो. मला अजूनही किळस येते. परवा डाव्या टाचेला एक भेग होती, तिला मलम लावलं. बाकी पाय चांगले आहेत.